स्टेनलेस, पण कुठवर? ‘फ्री कटिंग’ पोलादाचे गुण आणि गंजाची मर्यादा

संकेश्वरहून निघणारा महामार्ग गडहिंग्लज, आजरा, आंबोली आणि सावंतवाडी ओलांडून बांद्याला पोहोचतो. तेथून गोव्याची हद्द अगदी जवळ आहे. या रस्त्याच्या वरच्या टोकाला असलेला बेळगाव-कोल्हापूर पट्टा ओतकाम आणि यंत्रकामासाठी ओळखला जातो. बेळगावातील उद्यमबाग व मच्छे, तसेच कोल्हापूरजवळील शिरोली, गोकुळ शिरगाव व कागल येथील औद्योगिक वसाहतींत लेथवर आणि संगणकनियंत्रित यंत्रांवर सुटे भाग घडवले जातात. संकेश्वरच्याच हुक्केरी तालुक्यातील हत्तरगी येथे विमानांचे भाग तयार करणारे विशेष आर्थिक क्षेत्र आहे. रस्त्याच्या खालच्या टोकाला मात्र खारी हवा, मासेमारीची बंदरे आणि समुद्राकडे तोंड करून उभी असलेली घरे आहेत.

या दोन टोकांमध्ये स्टेनलेस स्टीलचा एखादा नट किंवा बुश प्रवास करतो, तेव्हा त्याची खरी परीक्षा सुरू होते. घाटावरच्या कोरड्या हवेत वर्षानुवर्षे लख्ख राहणारा भाग किनाऱ्यावर काही महिन्यांतच तांबूस डाग दाखवू शकतो. अशा वेळी ‘माल बनावट होता’ असा निष्कर्ष घाईने काढला जातो. पुष्कळदा माल अस्सल असतो, पण त्याची जात त्या जागेसाठी नसते. कारागिरांच्या बोलीत ‘फ्री कटिंग’ म्हणून ओळखली जाणारी स्टेनलेसची जात हे याचे ठळक उदाहरण. तिचा सर्वांत मोठा गुण आणि सर्वांत मोठा दोष एकाच मूलद्रव्यातून येतात. ते मूलद्रव्य म्हणजे गंधक.

पोलाद गंजत नाही, म्हणजे नेमके काय होते?

साध्या पोलादात किमान साडेदहा टक्के क्रोमियम मिसळले की त्याच्या पृष्ठभागावर हवेतील प्राणवायूच्या संयोगाने क्रोमियम ऑक्साइडचा अतिशय पातळ, डोळ्यांना न दिसणारा थर तयार होतो. हा थर ओरखडा पडल्यास स्वतःहून पुन्हा जुळतो. स्टेनलेस स्टीलचे सारे संरक्षण या थरात आहे. इंग्लंडमधील शेफिल्ड येथे हॅरी ब्रेअर्ली यांनी १९१३ साली सुमारे १२.८ टक्के क्रोमियम असलेले पोलाद ओतले, आणि तेथून या धातूच्या व्यापारी इतिहासाला वेग आला.

आज सर्वाधिक परिचित जात ३०४ ही आहे. तीत साधारण १८ ते २० टक्के क्रोमियम आणि ८ ते १०.५ टक्के निकेल असते. गंधक मात्र जास्तीत जास्त ०.०३ टक्के इतकेच चालते. तिच्या पुढची ३१६ ही जात. तीत २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असते आणि क्षारयुक्त वातावरणात ती ३०४ पेक्षा अधिक काळ टिकते.

लेथवरची अडचण

३०४ गंजाला चांगली तोंड देते, पण कारागिराला त्रास देते. कापले जात असतानाच ती जागच्या जागी कठीण होत जाते. तिच्यातून उष्णता लवकर वाहून जात नाही, त्यामुळे टूलचे टोक तापते. शिवाय तिचा कीस तुटत नाही. लांब, चिवट सुरळ्या निघतात, त्या टूलभोवती आणि कामाभोवती गुंडाळल्या जातात आणि त्या काढण्यासाठी यंत्र थांबवावे लागते. खोल भोके पाडताना आणि आटे पाडताना ही अडचण सर्वाधिक जाणवते.

यावर उपाय म्हणून ३०३ ही जात घडवली गेली. तीत १७ ते १९ टक्के क्रोमियम, ८ ते १० टक्के निकेल आणि किमान ०.१५ टक्के गंधक असते. युरोपीय मानकातील तिच्या समकक्ष जातीत गंधकाची मर्यादा ०.१५ ते ०.३५ टक्के आहे. म्हणजे ३०४ मध्ये जे गंधक अशुद्धी म्हणून कमीत कमी ठेवले जाते, तेच येथे किमान पाचपट प्रमाणात मुद्दाम घातले जाते.

हे गंधक पोलादात विरघळून राहत नाही. मँगनीजशी संयोग होऊन त्याचे मँगनीज सल्फाइडचे सूक्ष्म कण बनतात. कापताना हे मऊ कण कीस ठिकठिकाणी तोडतात आणि टूलच्या टोकाशी वंगणासारखे काम करतात. यंत्रणसुलभता मोजण्याच्या रूढ पद्धतीत गंधकयुक्त साध्या पोलादाला १०० गुण धरतात. त्या मापाने ३०४ ला अंदाजे ४५, तर ३०३ ला ७५ च्या पुढे गुण मिळतात.

कारखानदाराच्या दृष्टीने या आकड्याचा अर्थ सरळ आहे. समजा, एक बुश ३०४ मध्ये सहा मिनिटांत आणि ३०३ मध्ये चार मिनिटांत तयार होतो. आठ तासांच्या पाळीत पहिल्या धातूचे ८०, तर दुसऱ्याचे १२० नग निघतील. टूल कमी झिजेल, पृष्ठभागही अधिक गुळगुळीत येईल. जॉबवर्कच्या दरात चालणाऱ्या छोट्या कारखान्याला हा फरक नफा-तोट्याचा ठरतो. म्हणूनच नट, स्क्रू, बुश, शाफ्ट, गिअर, व्हॉल्व्हचे अंतर्भाग आणि विमानांतील काही जोडण्या यांसाठी ३०३ जगभर वापरली जाते.

या कुळातील इतर जाती

गंधकयुक्त स्टेनलेस म्हणजे केवळ ३०३ नव्हे. त्याच तत्त्वावर पुढील जाती बनतात.

• ४१६ : १२ ते १४ टक्के क्रोमियम, निकेल जवळजवळ नाही. उष्णतोपचाराने कठीण करता येते आणि चुंबकाला चिकटते. कापण्यास स्टेनलेसमधील सर्वांत सोप्या जातींपैकी एक, पण गंजप्रतिकार ३०३ पेक्षा कमी.

• ४३०एफ : १६ ते १८ टक्के क्रोमियम, चुंबकीय. उष्णतोपचाराने कठीण होत नाही. सोलेनॉइड व्हॉल्व्हच्या भागांसाठी उपयोगी.

• ३०३ सेलेनियम : गंधकाऐवजी किमान ०.१५ टक्के सेलेनियम. कापण्यास गंधकयुक्त जातीपेक्षा किंचित कमी सुकर, पण पृष्ठभाग अधिक नितळ आणि गंजप्रतिकार थोडा बरा.

भौतिक आणि यांत्रिक गुण

मऊ केलेल्या अवस्थेत ३०३ चे ताणबल साधारण ६२० मेगापास्कल आणि नमनबल सुमारे २४० मेगापास्कल असते. घनता दर घनसेंटिमीटरला सुमारे ८ ग्रॅम, म्हणजे ३०४ इतकीच. तापमान एका अंशाने वाढले की एक मीटर लांबीचा बार सुमारे १७ मायक्रॉनने वाढतो. साध्या पोलादापेक्षा हे प्रसरण बरेच अधिक असल्याने अचूक मापाच्या भागांत ते विचारात घ्यावे लागते. मऊ अवस्थेत ही जात चुंबकाला चिकटत नाही. थंड अवस्थेत ओढल्यानंतर किंचित चिकटू शकते.

घर्षणाच्या बाबतीत तिचा आणखी एक उपयोग आहे. ३०४ चे नट-बोल्ट आवळताना एकमेकांना ‘धरतात’ आणि पाना लावूनही सुटत नाहीत. सल्फाइड कणांमुळे ३०३ मध्ये ही प्रवृत्ती कमी असते.

मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. सल्फाइडचे कण बार रोल करताना त्याच्या लांबीच्या दिशेने ताणले जातात, त्यामुळे आडव्या दिशेने धातूची चिवटता घटते. धारदार कोनात वाकवणे किंवा थंड ठोकून बोल्टचे डोके काढणे या कामांना ही जात योग्य नाही. वेल्डिंगला तर ती शक्यतो वापरूच नये. गंधकामुळे जोड थंड होताना त्यात तडे जातात. ज्या भागाला पुढे वेल्डिंग होणार आहे तो ३०४ किंवा कमी कर्ब असलेल्या ३०४एल मध्येच करावा.

गंज कोठून शिरतो?

क्रोमियमचे प्रमाण दोन्ही जातींत जवळपास सारखे असूनही ३०३ चा गंजप्रतिकार ३०४ पेक्षा कमी का, याचे उत्तर पुन्हा सल्फाइड कणांत आहे. पृष्ठभागावर उघडे पडलेले हे कण क्रोमियम ऑक्साइडच्या अखंड थरात पडलेली छिद्रेच होत. आम्ल किंवा मिठाचे पाणी त्यांच्यापर्यंत पोहोचले की कण विरघळतात आणि त्या जागी सूक्ष्म खळगा उरतो. खळग्यातले पाणी बाहेरच्या पाण्याशी मिसळत नाही. त्यात आम्लता वाढते, क्लोराइड साचते आणि संरक्षक थर पुन्हा जुळण्याची संधी मिळत नाही. खळगा आत खोल होत जातो. यालाच खड्डेगंज म्हणतात. वरून सुईच्या टोकाएवढा दिसणारा डाग आत बराच पसरलेला असू शकतो.

बारचा कापलेला टोकाकडील भाग यात विशेष हळवा असतो. लांबीच्या दिशेने ताणलेले सल्फाइडचे तंतू तेथे आडवे कापले जाऊन टोकावर उघडे पडतात आणि पाण्याला आत जाण्याची वाट मिळते. म्हणून शाफ्टची बाजू स्वच्छ दिसत असताना त्याचे तोंड आधी काळवंडते. आटे पाडलेले भाग आणि वॉशरखालच्या अरुंद फटीही याच कारणाने लवकर बिघडतात.

एक सावधगिरी येथे आवश्यक आहे. क्रोमियम, मॉलिब्डेनम आणि नायट्रोजन यांवरून खड्डेगंजाला होणारा प्रतिकार काढण्याचे एक सूत्र अभियंते वापरतात. त्या सूत्रात गंधकाला जागा नाही. त्यामुळे कागदावर ३०३ आणि ३०४ जवळपास सारख्या दिसतात, प्रत्यक्ष वापरात मात्र दिसत नाहीत.

संकेश्वर ते किनारा : एकच भाग, वेगळी हवा

संकेश्वर हिरण्यकेशी नदीच्या काठी वसले आहे. ही नदी आंबोलीजवळ उगम पावते आणि पुढे घटप्रभेला मिळते. संकेश्वरचा सहकारी साखर कारखानाही याच नदीचे नाव धारण करतो. समुद्रापासून दूर असलेल्या अशा गावात यंत्रशाळेतील हवा, घरातील वापर किंवा अधूनमधून लागणारे गोडे पाणी एवढ्यासाठी ३०३ पुरेशी आहे.

साखर उद्योगातील वातावरण मात्र निराळे. उसाचा कच्चा रस किंचित आम्लधर्मी असतो. भारतात पांढरी साखर बनवण्याच्या प्रचलित पद्धतीत रस स्वच्छ करण्यासाठी चुना आणि सल्फर डायऑक्साइड वापरतात. रस आटवणाऱ्या भांड्यांच्या नळ्यांत साचलेले थर कॉस्टिक सोड्याने आणि काही वेळा आम्लाने काढले जातात. उष्ण आम्लधर्मी द्रवाशी सतत संबंध येणाऱ्या पंपाच्या, व्हॉल्व्हच्या किंवा नळीच्या भागांसाठी गंधकयुक्त जात निवडणे धोक्याचे आहे. दूध, लोणची, मद्य आणि औषधे यांच्याशी थेट संबंध येणाऱ्या भागांनाही हेच लागू होते. तेथे खळग्यांत द्रव अडकतो आणि स्वच्छता राखणेही कठीण होते.

किनाऱ्यावर परिस्थिती याहून कठोर. समुद्राच्या पाण्यात दर लिटरला सुमारे १९,००० मिलिग्रॅम क्लोराइड असते. अभियांत्रिकीत ढोबळमानाने ३०४ साठी साधारण २०० आणि ३१६ साठी साधारण १,००० मिलिग्रॅम प्रतिलिटर क्लोराइड ही सामान्य तापमानातील सुरक्षित मर्यादा मानली जाते. ३०३ चे स्थान ३०४ च्याही खाली आहे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यातही २५० मिलिग्रॅम क्लोराइड स्वीकारार्ह आहे आणि पर्यायी स्रोत नसल्यास १,००० पर्यंत चालते. म्हणजेच पिण्यास योग्य असलेले बोअरवेलचे पाणी स्टेनलेससाठी योग्य असेलच असे नाही.

पाण्याचा थेट स्पर्श नसला तरी वाऱ्याबरोबर येणारे मीठ पृष्ठभागावर बसते. हवेतील सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांवर गेली की साधे मीठ हवेतली ओल शोषून स्वतःच द्रवरूप होते. समुद्री मिठातील मॅग्नेशियम क्लोराइडला तर याच्या निम्म्याहून कमी आर्द्रताही पुरते. भर पावसात उघड्यावरचा कठडा धुऊन निघतो, पण छपराखाली, सज्जाच्या आत किंवा वॉशरच्या फटीत साचलेले मीठ तसेच राहते. म्हणून आडोशाला असलेला भाग आधी गंजण्याचा अनुभव किनाऱ्यावर येतो. मालिम किंवा कुटबण येथील मासेमारी नौकांवरील, समुद्राकडील सज्जांवरील आणि खाऱ्या पाण्याच्या पंपांतील भागांसाठी किमान ३१६ चा आग्रह धरावा. समुद्राच्या पाण्यात कायम बुडून राहणाऱ्या भागांना तीही पुरेलच असे नाही, तेथे याहून वरच्या जाती लागतात.

घरातही एक शत्रू आहे. फरशी किंवा न्हाणीघर घासण्यासाठी वापरले जाणारे ‘अ‍ॅसिड’ बहुधा हायड्रोक्लोरिक आम्ल असते. त्याची नुसती वाफही नळ, बिजागऱ्या आणि स्क्रू यांना डागाळते. ३०३ च्या भागांवर हा परिणाम अधिक लवकर दिसतो.

पॅसिव्हेशन : साधे, पण चुकल्यास महाग

यंत्रावर घडवलेला भाग तसाच पाठवला, तर त्यावर टूलमधून आणि यंत्रावरच्या साध्या पोलादाच्या किसातून आलेले लोखंडाचे कण चिकटलेले असतात. एकाच लेथवर सकाळी बीड आणि दुपारी स्टेनलेस चढवणाऱ्या छोट्या कारखान्यांत ही शक्यता अधिक. हे कण गंजतात आणि दोष स्टेनलेसवर येतो. ते काढून संरक्षक थर नीट घडवण्यासाठी भाग नायट्रिक किंवा सायट्रिक आम्लाच्या द्रावणात बुडवतात. या प्रक्रियेला पॅसिव्हेशन म्हणतात.

३०४ साठी चालणारे नायट्रिक द्रावण ३०३ ला जसेच्या तसे लावल्यास उलट परिणाम होऊ शकतो. आम्ल सल्फाइडवर हल्ला करते आणि चकचकीत भाग काळपट होऊन बाहेर येतो. म्हणून गंधकयुक्त जातींसाठी २० ते २५ टक्के नायट्रिक आम्लात अडीच टक्के सोडियम डायक्रोमेट मिसळून सुमारे ५० अंश सेल्सिअस तापमानाला किमान २० मिनिटे भाग ठेवण्याची पद्धत मानकांत दिलेली आहे. खळग्यांत अडकलेले आम्ल नंतर झिरपू नये, म्हणून आम्लाच्या आधी आणि नंतर पाच टक्के कॉस्टिक सोड्याच्या उष्ण द्रावणात भाग बुडवणे हितावह ठरते. शेवटचे धुणे क्लोराइड कमी असलेल्या पाण्यानेच करावे.

डायक्रोमेट हा कर्करोगकारक आणि जलचरांस घातक पदार्थ आहे. हातमोजे, चष्मा आणि वायुवीजन यांशिवाय हे काम करू नये. वापरलेले द्रावण गटारात किंवा ओढ्यात सोडणे हा गुन्हा तर आहेच, पण ते पाणी अखेर कोणाच्या तरी शेतात आणि पिण्यातही उतरते.

ओळखायचे कसे?

चुंबकाची प्रचलित चाचणी येथे कामाची नाही. ३०३, ३०४ आणि ३१६ या तिन्ही जाती मऊ अवस्थेत चुंबकाला चिकटत नाहीत. बाजारात भरपूर असलेल्या २०० मालिकेतील, निकेल कमी आणि मँगनीज जास्त असलेल्या जातीही चिकटत नाहीत. ‘चुंबक लागला नाही, म्हणजे माल चांगला’ ही समजूत म्हणून सोडून द्यावी.

गंधक ओळखण्याची एक जुनी पद्धत उपयोगी आहे. घासून स्वच्छ केलेल्या पृष्ठभागावर आम्लाचा थेंब टाकल्यास गंधकयुक्त जातीतून सडक्या अंड्यासारखा वास येतो आणि तेथे धरलेला लेड अ‍ॅसिटेटचा ओला कागद तपकिरी-काळा पडतो. ही चाचणी जाणकाराने, मोकळ्या हवेत आणि टाकाऊ तुकड्यावरच करावी, कारण निघणारा वायू विषारी असतो. निर्णायक उत्तर स्पेक्ट्रोमीटर असलेल्या प्रयोगशाळेतूनच मिळते.

नट-बोल्टांच्या बाबतीत काम सोपे आहे. आंतरराष्ट्रीय मानकानुसार बनवलेल्या स्टेनलेस बोल्टच्या डोक्यावर रोमन लिपीतील ‘ए’ हे अक्षर आणि त्यापुढे आकडा कोरलेला असतो. ‘ए१’ म्हणजे गंधकयुक्त, ‘ए२’ म्हणजे ३०४ च्या वर्गातील आणि ‘ए४’ म्हणजे ३१६ च्या वर्गातील. त्यापुढचे ७० किंवा ८० हे आकडे ताकद सांगतात, गंजप्रतिकार नव्हे.

मागणी कशी नोंदवावी?

खरेदीच्या कागदावर केवळ ‘एस. एस.’ एवढेच लिहिले, तर पुरवठादार कापायला सोपी किंवा स्वस्त जात देऊ शकतो आणि कायद्याच्या भाषेत त्याने काही चुकीचे केलेले नसते. जातीचा क्रमांक, भाग कोठे बसणार, कशाच्या संपर्कात येणार, त्याला वेल्डिंग होणार का आणि पॅसिव्हेशन हवे का, एवढ्या गोष्टी लिहून दिल्या तर बहुतेक वाद टळतात. बारसोबत येणाऱ्या चाचणी प्रमाणपत्रात गंधकाचा रकाना आवर्जून पाहावा. ०.०३ टक्क्यांपर्यंतचा आकडा ३०४ किंवा ३१६ च्या मर्यादेत बसतो. ०.१५ किंवा त्याहून अधिक असल्यास ती गंधकयुक्त जात होय.

वेग आणि टिकाऊपणा दोन्ही हवे असल्यास मधला मार्गही आहे. गंधक ३०४ च्या मर्यादेतच ठेवून, कॅल्शियमच्या साहाय्याने धातूतील ऑक्साइडचे कण मऊ केलेले सुधारित ३०४ आणि ३१६ बार मिळतात. ते ३०३ इतके सहज कापले जात नाहीत, पण गंजप्रतिकारात नेहमीच्या ३०४ आणि ३१६ च्या बरोबरीचे राहतात.

३०३ ही हलकी जात नव्हे. कोरड्या, स्वच्छ, वेल्डिंगविरहित आणि भरपूर यंत्रकाम असलेल्या भागासाठी तिच्याइतकी सोयीची निवड क्वचितच सापडेल. मात्र मीठ, आम्ल किंवा अन्न यांच्याशी संबंध आला की तिचा विचार थांबवावा. समुद्राकडील सज्जाचा कठडा तोलणारा किंवा नौकेवरचा दोर धरणारा बोल्ट आतून पोखरला गेला, तर प्रश्न केवळ डागाचा उरत नाही. लेथवर वाचलेल्या दोन मिनिटांची किंमत तेव्हा त्या कठड्याला टेकलेल्या माणसाला मोजावी लागते.